हा पत्ता दुसरं कोणीतरी वापरत आहे

ही गोष्ट खरी आहे.

हे वाक्य मी लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं. भुताखेतांच्या गोष्टींच्या अशा पानांवर सगळेच असं म्हणतात, आणि वाचताना मी दर वेळी हसलो आहे. पण याहून वेगळी सुरुवात मला सुचत नाही.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. मागच्या मे महिन्यातली भर दुपार होती, आणि जागा रायपूर. बीरगांवकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचा पारा, म्हणजे मोहल्ला आहे, तिथलं शेवटून दुसरं घर. शेवटचं माझं.

आणखी एक सांगायला हवं. आमच्या घरात भूत हा शब्द चालत नाही. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली, घरातले देव बाहेर काढले, तेव्हा ते म्हणाले होते, "देवांसंगं भुतंही गेले. आता अंधाराले भ्याचं काम नाही."

मी आयुष्यभर हे मानलं.

आजही मानतो... बहुतेक.

गंगाधर माझा शेजारी आणि मित्र. तो रेल्वेत सिग्नलच्या कामाला, मी तिथेच कारकून. पुस्तकं मी जमवायचो, मोठ्याने वाचायचा तो. मला चार माणसांत तोंड उघडायची लाज वाटते, अजूनही. त्याचा आवाज मात्र जाडा, सावकाश, ऐकत राहावासा. त्याची बायको शारदावहिनी. काचबिंदूने त्यांची नजर गेली, तेव्हापासून दुपारी त्या जेवायच्या आणि हा समोर बसून वाचायचा.

मग गंगाधरची फुफ्फुसं बिघडली. आपण फार राहणार नाही हे त्याला कळलं असावं. तो खोलीचं दार लावून कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचा. रेकॉर्डिंगमध्ये त्याचा खोकला आहे, पान उलटल्याचा आवाज आहे. आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी एकच वाक्य आहे.

"बरं शारदे. येतो."

निघताना "जातो" म्हणायचं नाही, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. देव गेले, भुतं गेली, पण हे काही आमच्या तोंडातून गेलं नाही.

फेब्रुवारीत गंगाधर वारला. वहिनींनी जेवण सोडलं. हट्ट नव्हता तो. ताट समोर यायचं, त्या एक घास चिवडत बसायच्या आणि म्हणायच्या, "नाही जात हो, लहानूभाऊ." महिन्याभरात हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

मला रेकॉर्डिंग आठवलं. पण गंगाधरचा कॉम्प्युटर सुरू होताना घरघरायचा आणि मध्येच बंद पडायचा. माझी मुलगी अपर्णा नवा रायपूरला एका ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम करते. ती रविवारी आली, त्या जुन्या डब्यातली डिस्क काढली, आणि सगळंच्या सगळं स्वतःच्या एका जुन्या लॅपटॉपमध्ये उतरवलं. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते. आमच्या घरात आता असंच चालतं.

"फक्त रेकॉर्डिंग काढून घे ना," मी म्हणालो.

"निकाला था बाबा. बाहर निकालो तो खाली खरखर आती है. गंगाधर काका ने अपना खुद का कुछ प्रोग्राम बनाया है, उसी में बजता है. इसलिए पूरा कंप्यूटर ही अंदर डाल दिया. इसको वर्चुअल मशीन बोलते हैं. कंप्यूटर के अंदर कंप्यूटर."

"म्हणजे तो खरा नाही?"

"नहीं. लेकिन उसको पता नहीं है." ती हसली. "बॉडी चली गई, फिर भी वो समझता है कि मैं अपने टेबल पे ही रखा हूँ."

मीही हसलो होतो.

लॅपटॉप गंगाधरच्या खोलीत, त्याच्याच टेबलावर ठेवला. आतल्या मशीनमधून आवाज घरच्या वायफायवरून वहिनींच्या फोनवर जायचा, आणि फोन बैठकीत त्यांच्या बाजेशेजारी. तो जुना रिकामा डबा कोपऱ्यात सरकवला. वर पाण्याचा माठ ठेवला.

पहिल्या दुपारी आवाज आला आणि वहिनींनी भाकरीचा तुकडा मोडला. भाजीत बुडवला. खाल्ला. शेवटी गंगाधर म्हणाला, "बरं शारदे. येतो."

"या," वहिनी म्हणाल्या.

ताट रिकामं होतं. मी घरी येऊन दार लावून रडलो.

आठवडाभर सगळं ठीक चाललं. मग कनेक्शन तुटू लागलं.

रोज. जेवणाच्या मध्येच. आवाज वाक्याच्या मध्ये थांबायचा आणि वहिनींचा हात ताटावरच राहायचा. मी खोलीत धावायचो. बाहेरच्या लॅपटॉपचं नेट व्यवस्थित. आतल्या मशीनच्या चिन्हावर लाल फुली. सगळं बंद करून सुरू करायचो, फुली जायची. बैठकीत येईपर्यंत पुन्हा फुली. तोवर वहिनी ताट सरकवून हात धुवायला उठलेल्या असायच्या.

इतका वैताग मला नोकरीतही कधी आला नव्हता. मी फोन लावायचो.

"बाबा, अडॅप्टर पे टिक है?"

"आहे."

"ब्रिज्ड पे है कि नॅट पे?"

"ब्रिज्ड. तूच ठेवलं."

"तो नॅट करके देखो."

नेट जोडायच्या या दोन पद्धती. नॅट केलं. फोनला मशीन दिसेचना. पुन्हा ब्रिज्ड केलं. लॅपटॉपची झोपेची सेटिंग बंद केली. नवी केबल आणली. राऊटर बदलला. एका दुपारी तर अपर्णा मीटिंगमध्ये होती आणि मी तिला इतके फोन केले की ती शेवटी ओरडलीच.

"बाबा, मैं क्या वहाँ उड़ के आऊँ?"

"अगं, वहिनी जेवत नाहीत."

तिचा आवाज उतरला. मग म्हणाली, "संडे को आती हूँ. तब तक खिलाओ किसी तरह."

त्याच दुपारी वहिनी म्हणाल्या, "राहू द्या हो, लहानूभाऊ. काहून जीव जाळून राहिले? तुमच्या हाताले मशीन लागत नाही."

त्या प्रेमाने म्हणाल्या. मला ते लागलं. कारण खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खोलीतच ठाण मांडलं. स्क्रीनवरून नजर हलवायची नाही असं ठरवलं.

फुली आली.

मी डोकं धरून बसलो. आता आवाज थांबेल. आता ताट सरकेल...

आवाज थांबला नाही.

भिंतीपलीकडून गंगाधर वाचतच होता. सावकाश. स्पष्ट. अपर्णाने एकदा सांगितलं होतं, थोडं पुढचं फोनमध्ये साठून राहतं. तेच असेल. मी सुटकेचा श्वास सोडला आणि बैठकीत गेलो. वहिनी जेवत होत्या. शेवटचा भात निपटत होत्या.

"बरं शारदे. येतो."

"या."

मला इतका आनंद झाला की एक गोष्ट लक्षातच आली नाही. ती घरी आल्यावर, अंथरुणावर पडल्यावर लक्षात आली.

त्या वाचनात खोकला नव्हता.

गंगाधरच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये खोकला आहे. शेवटच्या पुस्तकात तर पानागणिक. ती एक जाडजूड कादंबरी होती, माझीच प्रत. ती त्याच्याकडून पूर्ण झाली नव्हती. नायिका घाटावर नावेची वाट पाहत उभी आहे, तिथे रेकॉर्डिंग संपतं. पुढे वाचायला तो उरला नाही.

मी उठलो. कपाटातून कादंबरी काढली. आज दुपारी आवाजाने काय वाचलं ते आठवून पाहिलं.

नाव आली होती. नायिका नावेत बसली होती.

मी पुस्तक मिटलं. माझाच घोळ असेल. वय झालं आहे. मी ती कादंबरी अनेकदा वाचली आहे, ऐकलेलं आणि वाचलेलं यांची डोक्यात सरमिसळ झाली असेल.

दुसऱ्या दुपारी पुस्तक पिशवीत घालून नेलं. वहिनींपासून दूर, गंगाधरच्या खोलीच्या दाराशी, स्क्रीन दिसेल असा बसलो. फुली आली. आवाज चालू राहिला. मी ओळींवर बोट ठेवून चाललो.

एक शब्द चुकला नाही.

पुस्तक माझ्या मांडीवर होतं. पारा सोडा, साऱ्या शहरात त्याची दुसरी प्रत कोणाकडे असेल असं मला वाटत नाही.

मी घाईने खोलीत गेलो. स्क्रीनवर फुलीच्या शेजारी एक सूचना होती. ती पूर्वीही येत असावी, मी न वाचताच मिटवत असेन. इंग्रजीत होती. अर्थ असा : हा पत्ता दुसरं कोणीतरी वापरत आहे.

अपर्णाला फोन लावला. ती खूश झाली.

"अरे, पहले बोलना था ना! नेट पे हर मशीन का अपना एक पता होता है, और घर में कोई दूसरी मशीन वही पता पकड़ के बैठी है. दोनों लड़ते हैं, इसकी लाइन कट जाती है. और क्या-क्या चलता है घर में?"

"वहिनींचा फोन. फ्रिज. कूलर."

"कूलर को पता नहीं लगता, बाबा." ती हसली. "एक काम करो. अंदरवाली मशीन बंद करो. फिर लॅपटॉप से उस पते पे पिंग मारो. पिंग मतलब हाक. कोई होगा तो ओ देगा."

मी आतलं मशीन बंद केलं. तिने सांगितलेली ओळ टाइप केली. वहिनींचा फोनही बंद करून खिशात ठेवला. आता त्या पत्त्यावर कोणी असायचं कारण नव्हतं.

हाक मारली.

उत्तर आलं.

पुन्हा मारली. पुन्हा आलं. आणि इतक्या झटपट, की जणू कोणी टेबलाजवळच उभं आहे.

"आ रहा है? बढ़िया," अपर्णा म्हणाली. "अब उसका नंबर निकालते हैं. हर मशीन पे कारखाने से एक नंबर आता है, उससे पता चल जाएगा कौन है."

तिने सांगितलं तसं केलं. आकडे आणि अक्षरांची एक ओळ आली. मी वाचून दाखवली.

तिने ती पुन्हा वाचायला लावली. मी वाचली.

"अपर्णा?"

"ये तो काका की पुरानी मशीन का है. मैंने अंदरवाली को नया नंबर दिया था, मुझे पक्का याद है. पुराना नंबर तो उस खाली डब्बे के कार्ड का है." मग हळू आवाजात, "डब्बे में तार लगा है क्या?"

"नाही."

"बिजली?"

"नाही गं. त्याच्यावर माठ आहे."

मी वाकून डब्याच्या मागे पाहिलं. गंगाधरला सगळ्या वस्तूंवर काही ना काही लिहून ठेवायची सवय होती, सिग्नलवाल्यांची असते तशी. कार्डाजवळ त्याने पांढऱ्या रंगाने तो क्रमांक लिहिला होता. तोच होता. मी डब्याला हात लावला.

मे महिन्यात रायपुरात लोखंड थंड नसतं.

ते थंड होतं...

माठामुळे असेल. मी तेव्हाही तेच म्हणालो, आजही म्हणतो. अपर्णा म्हणाली की कधी कधी जुनी नोंद चिकटून राहते, ती संडेला येऊन बघेल. मी हो म्हणालो.

मग बैठकीतून आवाज आला.

गंगाधर वाचत होता.

आतलं मशीन बंद होतं. वहिनींचा फोन माझ्या खिशात होता, बंद.

मी दाराशी येऊन थांबलो. वहिनी बाजेवर बसून शांतपणे जेवत होत्या. नेहमी त्या बाजेच्या मधोमध बसायच्या. आज एका कडेला सरकून बसल्या होत्या. शेजारी एका माणसाची जागा रिकामी होती.

वाचन संपलं. "येतो." "या."

"वहिनी," मी म्हणालो. "हा आवाज... कुठून येते?"

"पयले फोनातून ये. मंग खोलीतून यायले लागला." त्यांनी आपली न दिसणारी नजर माझ्याकडे वळवली. "काल दारातून आला. आज इथूनच."

"तुम्हाला भ्या नाही वाटत?"

"नवऱ्याचं भ्या?" त्या हसल्या. "चाळीस वर्षं नाही वाटलं, तं आता काय वाटन."

मला मात्र वाटलं. एकच गोष्ट डोक्यात आली आणि ती निघेना. तो रोज विचारतो, येतो. त्या रोज म्हणतात, या. आणि तो रोज थोडा आणखी येतो. वहिनी जेवायला लागल्या होत्या, चेहऱ्यावर तेज आलं होतं. पण त्या कोणासाठी जागा करत होत्या? आणि तो पूर्ण आला, तर एकटा परत जाईल का?

मी भित्रा माणूस आहे. तरी बोललो.

"वहिनी, एक ऐका. उद्या तो 'येतो' म्हणाला की 'या' म्हणू नका."

"मंग काय म्हणू? जा म्हणू?"

"काहीच म्हणू नका. चूप राहा."

"नवरा निरोप घेते अन् मी चूप राहू? काय बोलून राहिले, भाऊ!"

मी हात जोडले. त्यांना दिसणार नव्हते, तरी जोडले. माझा आवाज फाटला असावा. त्या हळूच म्हणाल्या, "हव. नाही बोलत."

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप पिशवीत भरून माझ्या घरी ठेवून आलो. राऊटरचा प्लग काढला. डबा अंगणात नेला. फोन बंद. कूलरही बंद केला, कारण मला नीट ऐकायचं होतं. गंगाधरची खोली आता रिकामी होती. तिचं दार बाहेरून कडी लावून बंद केलं.

वहिनींपुढे ताट ठेवलं.

काही नाही...

बाहेर लूचा गरम वारा वाहत होता. पत्र्यावर कावळा चालत होता. वहिनींचा हात ताटावर थांबला होता. मला वाटलं संपलं सगळं. आता या जेवणार नाहीत. हे मी केलं.

मग पान उलटल्याचा आवाज आला.

गंगाधर वाचू लागला. शेवटचं प्रकरण होतं. माझं पुस्तक माझ्या पिशवीत होतं, मी ते उघडलं नाही. गरज नव्हती. नाव पैलतीराला लागली. नायिका उतरली. शेवटचं वाक्य आलं.

"संपलं," गंगाधर म्हणाला.

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. ताट रिकामं होतं.

"बरं शारदे. येतो."

वहिनींचे ओठ हलले. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी ओठ घट्ट मिटले, डोळ्यांतून पाणी आलं. पण त्या बोलल्या नाहीत. माझ्यासाठी बोलल्या नाहीत.

शांतता.

चपला घासल्याचा आवाज. दोन पावलं. थांबला. उत्तराची वाट पाहत असावा. आयुष्यभर त्याला उत्तर मिळालं होतं.

मग ती पावलं माझ्या दिशेला वळली...

"लहानू," अगदी कानाशी. "येतो रे."

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं.

"ये."

मी विचार केला नव्हता. कोणी येतो म्हणालं की जे म्हणतात ते म्हणालो. सत्तर वर्षांची सवय.

बैठकीत हवा हलली. दार वाजलं नाही. पण तो गेला हे आम्हाला दोघांनाही कळलं. वहिनींनी डोळे पुसले आणि थोड्या रागाने म्हणाल्या, "मले चूप बसवलं, अन् तुम्हीच बोलले?"

रविवारी अपर्णा आली. वहिनींच्या घरचं सगळं तपासलं. त्या पत्त्यावर आता कोणी ओ देत नव्हतं. मशीन पुन्हा लावलं, त्याचं कनेक्शन एकदाही तुटलं नाही. डबा तिने भंगारवाल्याला दिला. वहिनी आता आपणहून जेवतात. रेकॉर्डिंग लावू का विचारलं, तर म्हणाल्या, "नको. पुस्तक पूर्ण झालं ना. ते मले सांगून गेले."

बाजेवर त्या पुन्हा मधोमध बसतात.

मी त्यांना सांगितलेलं नाही.

जूनपासून दुपारच्या वेळी माझ्या घरचं नेट तुटतं. माझ्याकडे एकच कॉम्प्युटर आहे, त्याच्या आत दुसरं काही नाही. सूचना तीच येते. अपर्णाला फोनवर सांगितलं, तर ती पहिल्यांदाच मराठीत बोलली. "बाबा, तुमच्याकडे कोण आलं आहे?"

कोणी नाही, मी म्हणालो.

मी एकटा राहतो. माझ्या भिंती पुस्तकांनी भरल्या आहेत, आणि त्यातली बरीचशी गंगाधरने वाचलेली नाहीत. दुपारी मी पडलो की कपाटाकडून पान उलटल्याचा आवाज येतो. मी डोळे उघडत नाही. मग तो वाचू लागतो, आणि खरं सांगतो, ऐकावंसं वाटतं. तीच तर भीती आहे.

शेवटी तो रोज म्हणतो, "लहानू, येतो."

मला ठाऊक आहे काय म्हणायला हवं. एकच अक्षर आहे. कागदावर लिहून पाहिलं, तोंडाने पुटपुटून पाहिलं. पण मित्राला दारातून तो शब्द कसा म्हणायचा, ते मला कोणी शिकवलेलंच नाही.

मी गप्प राहतो. गप्प राहायची मला सवय आहे.

काल मात्र थोडी डुलकी लागली होती. तो काहीतरी म्हणाला... आणि मीही काहीतरी म्हणालो.

आज सकाळी उठलो, तर मी पलंगाच्या एका कडेला झोपलेलो होतो.